गाठ नव्हती

दुखायची ती मान आणि खांदे, म्हणून आठ वर्षं मी मानेचे आणि खांद्याचेच डॉक्टर करत राहिले. महागावात दाखवलं, पुसदला दाखवलं, यवतमाळला दोनदा एक्स-रे काढले. गोळ्या झाल्या, मानेचा पट्टा झाला, उशी बदलून झाली. एकानं सांगितलं, शिक्षकी पेशा म्हणजे मान दुखणारच. दुसऱ्यानं वजन कमी करा म्हटलं. मी केलं. महागावपासून तीन किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. घरी येताना ऑटो सोडला आणि चालत यायला लागले, रात्रीचा भात बंद केला. वर्षभरात सात किलो उतरले. गाल बसले, बांगड्या सैल झाल्या. छाती होती तेवढीच राहिली.

शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टरांनी व्यायामासाठी फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे पाठवलं. मुलगीच म्हणायची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल. तिनं मला पडद्याआड ब्लाऊज काढायला लावला आणि मानेला हात लावायच्या आधी खांद्यावरून बोट फिरवलं. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खोलगट पन्हाळ पडली होती. तिचं बोट त्यात अर्धं बुडालं.

"हे किती वर्षांपासून आहे, ताई?"

"लग्नाआधीपासून."

तिनं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला मानेचे व्यायाम शिकवीन. चार दिवस बरं वाटेल. पण तुम्ही पुन्हा हेच वजन गळ्यात बांधून घरी जाणार. याचं ऑपरेशन होतं, माहीत आहे ना? छाती कमी करायचं. नागपूरला करतात."

मला माहीत नव्हतं. वय एक्केचाळीस, डी.एड. झालेली, रोज पेपर वाचणारी बाई मी, आणि हे ऑपरेशन फक्त सिनेमातल्या बायका करतात असा माझा समज होता. तिनं कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. परतीच्या बसमध्ये मी सवयीनं पर्स छातीशी धरून बसले होते. आर्णी गेलं तेव्हा ते माझ्या लक्षात आलं आणि मी पर्स मुद्दाम बाजूच्या सीटवर ठेवली. ऑपरेशन करून घ्यायचं हे बसमध्येच ठरलं. बाकी सगळं नंतरचं.

माझं माहेर मुकुटबन. सहावीत होते तेव्हा आईनं शिंप्याकडून दोन घट्ट बॉड्या शिवून आणल्या आणि वरून सदरा ढगळ. तोवर मी लंगडीच्या टीममध्ये होते. सातवीत टीम सोडली. कुणी सोडायला सांगितलं नाही, पण मैदानाच्या कडेला उभी राहून मोठी पोरं हसायची आणि मला ते कशाला हसतात हे कळत होतं. तेव्हापासून मी खांदे पुढे घेऊन, पोक काढून चालायला लागले. आई म्हणायची, "सरळ चाल." सरळ चाललं तर म्हणायची, "ओढणी घे." लेक झाल्यावर छाती आणखी वाढली आणि तिचं दूध तुटल्यावरही उतरली नाही. उन्हाळ्यात खालची कातडी ओली राहून सोलवटायची. एप्रिलपासून मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून त्या खाली घालून शाळेत जायचे, मधल्या सुट्टीत बदलायचे. डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा अर्धंच.

नवऱ्याची कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती आहे. माणूस कमी बोलतो. यवतमाळहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात फवारणीचा पंप उघडून जाळी साफ करत होता. मी चहा ठेवला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

त्यानं जाळी खाली ठेवली. "याचंबी ऑपरेशन रायते?"

"रायते."

"जिवाले धोका?"

"भूल देतात तेवढा. कोणत्याही ऑपरेशनले असते तेवढा."

त्यानं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "मले तं तू आहे तशीच बरी आहे."

"तुम्हाले बरी आहे हो. मले दुखते."

त्यानं जाळी पंपात परत बसवली. दोन दिवसांनी जेवताना म्हणाला, "नागपूरले कधी जायचं?"

सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. त्या अडुसष्टच्या, अजून वेचणीला शेतात जातात, आणि घरात त्यांचा शब्द मोठा. त्यांनी आधी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "देवानं देल्लं ते कापून टाकतेत काय कोणी? पोट्टी दहावीत आहे, उद्या तिले पाहाले लोकं येतीन. काय सांगशीन त्यायले?"

"आई, मी इचारून नाई राह्यली. सांगून राह्यली."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. मी तिथून हलले नाही. त्याच उठून आत गेल्या.

नागपूरच्या सर्जन पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी टेप घेतला आणि गळ्याच्या हाडापासून खाली मापं घेतली, शिंपी घेतो तशी, पण तोंडानं आकडे न ओरडता. मग समोर बसून एकेक गोष्ट सांगितली. आणखी मूल हवं आहे का, हे आधी विचारलं, कारण यानंतर अंगावर पाजता येईलच असं नाही. बोंडाची जाणीव कमी होऊ शकते, कधी कधी पूर्ण जाते, कधी परत येते. व्रण राहणार, आयुष्यभर. ते फिके होतील, जाणार नाहीत. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या होतील अशी खात्री त्या देत नव्हत्या. टाके कसे येतील ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं: बोंडाभोवती गोल, तिथून सरळ खाली एक रेघ, आणि तळाला आडवी वाकडी रेघ.

नवरा बाजूला बसला होता. कागद बघून म्हणाला, "वखरासारखं दिसते."

बाईंना वखर, ते आडव्या पातीचं शेतातलं अवजार, माहीत होतं. त्या हसल्या. "हो, तसंच. तळाच्या पातीला उभी रेघ जिथे मिळते ना, ती जागा सगळ्यात उशिरा भरते. तिथे थोडं उघडलं तर घाबरायचं नाही, मला कळवायचं."

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू?"

मी नाही म्हणाले. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

खरं म्हणजे मी लग्नापासून सकाळ-संध्याकाळ तंबाखूचं मंजन लावत होते. वर्गात पोरांना व्यसनमुक्तीची शपथ द्यायची आणि घरी येऊन डबी उघडायची. शेवटी मी ते सांगून टाकलं. बाईंनी न रागावता समजावलं की तंबाखूनं कातडीतलं रक्त कमी होतं, टाके भरत नाहीत, बोंड काळं पडून गळूनसुद्धा जाऊ शकतं. "सहा आठवडे पूर्ण बंद. लपून लावलंत तर मला कळणार नाही, पण तुमच्या जखमेला कळेल."

ऑपरेशनपेक्षा ते सहा आठवडे कठीण गेले. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, पोरांवर विनाकारण ओरडायचे. डबी मी नवऱ्याला चुलीत टाकायला लावली. सासूबाई हे बघत होत्या. त्यांचीही डबी आहे. त्या दिवसांत त्या मंजन लावायला मागच्या दारी जाऊ लागल्या, माझ्यासमोर लावेनात. बोलत नव्हत्या, पण एवढं करत होत्या.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, ई.सी.जी. झाला, मॅमोग्राफी झाली. तारीख दिवाळीनंतरची घेतली. उन्हाळ्याची सुट्टी सोयीची होती, पण आपल्याकडच्या उन्हात घामानं टाके पिकतील म्हणून बाईंनीच हिवाळा सांगितला. वेचणीचे दिवस होते, घरात कापूस येऊन पडत होता. नवऱ्यानं शेत चुलतभावाकडे सोपवलं आणि माझ्यासोबत आला.

ऑपरेशनच्या सकाळी बाई आल्या आणि मला उभं करून माझ्या अंगावर पेनानं रेघा काढल्या. झोपवून काढता येत नाहीत, उभं राहिल्यावर वजन कुठे उतरतं ते बघावं लागतं. वीस मिनिटं मी कमरेपर्यंत उघडी, सरळ उभी होते. मला वाटलं होतं लाजेनं मरेन. तसं झालं नाही. बाई फूटपट्टी लावून, एक डोळा बारीक करून, सुतारासारख्या काम करत होत्या. त्यांना माझ्या छातीचं काहीच वाटत नव्हतं, आणि त्या वीस मिनिटांत मलाही वाटेनासं झालं. फोटो काढले, त्यात चेहरा नव्हता. मग नर्सनं गाऊन बांधला.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, कितव्या वर्गाला शिकवता?" "चौथी" म्हणेपर्यंत माझं सगळं बंद झालं.

जागी झाले तेव्हा घशात काटे होते आणि मळमळत होतं. छातीवर कुणी घट्ट हात दाबून धरल्यासारखं वाटत होतं. दोन्ही बाजूंनी बारक्या नळ्या निघून बाटल्यांत गेल्या होत्या आणि बाटल्यांत लाल पाणी. साडेतीन तास लागले म्हणाले. नवरा खुर्चीत बसला होता. मी त्याला विचारलं, "किती निघालं?"

"दोन्हीकडचं मिळून पावणेदोन किलो." मग जरा थांबून, "मले दाखोलं त्यायनं. तपासणीले पाठवा लागते म्हणे."

दुखणं होतं, पण भीती घातली होती तेवढं नव्हतं. खोकताना जीव जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं मला हात न टेकवता उठायला शिकवलं, पायाचा जोर लावून. मी उभी राहिले. आणि उभं राहिल्या राहिल्या पुढे ओढणारं काहीतरी नव्हतं. ते नेमकं सांगता येत नाही. पाण्याच्या दोन कळशा घेऊन लांबून आल्यावर खाली ठेवल्या की हात आपोआप वर येतात ना, तसे माझे खांदे मागे गेले. मी रडले. नर्सला वाटलं दुखतं आहे. ती गोळी आणायला गेली.

तिसऱ्या दिवशी नळ्या काढल्या. त्या काढताना आतून दोरी सरकावी तसं वाटलं आणि संपलं. समोरून हुक असलेली जाड ब्रा घातली. ती सहा आठवडे रात्रंदिवस घालायची, उताणंच झोपायचं, खांद्याच्या वर हात न्यायचा नाही, भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. असं सगळं ऐकून, कागदावर लिहून घेऊन आम्ही भाड्याच्या गाडीनं घरी आलो. खड्डा आला की नवरा ड्रायव्हरला हळू म्हणायचा आणि मी छातीवर उशी धरायचे.

घरी आले तर ओसरीवर सात-आठ बायका बसलेल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. दुसरीनं सफरचंदांची पिशवी पुढे केली. "देव मोठा आहे बाई, लवकर सापडली," असं तिसरी म्हणाली. काय सापडलं ते मला कळायला थोडा वेळ लागला. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं होतं की सुनेच्या छातीत गाठ निघाली.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. पण प्रवासानं अंग मोडलं होतं, उभं राहवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सोपंही वाटलं. बातमी शाळेतही पोचली आणि मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, फोन आला. मी रजेच्या अर्जात फक्त 'शस्त्रक्रिया' लिहिलं होतं. त्या फोनवर रडल्या. "तुमच्या हिमतीला मानलं पाहिजे," म्हणाल्या. मी "हो" म्हणून फोन ठेवला. चौथीच्या पोरांनी रंगीत कागदावर 'बाई लवकर बऱ्या व्हा' लिहून पाठवलं. ते मी उशीखाली सरकवलं, कारण बघवत नव्हतं.

आठवडाभर असं चाललं. माझे केस लेक विंचरायची, कारण माझे हात वर जात नव्हते. एका सकाळी विंचरता विंचरता तिचा हात थांबला.

"आई, रिपोर्ट कधी येणार?"

"कोणता?"

"तपासणीले पाठवलेल्या भागाचा. मी फाईल वाचली."

"येईल की. साधा असतो तो. सगळ्यांचाच पाठवतात."

ती मागे होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. कंगवा माझ्या खांद्यावर पडला. "सगळे एकच म्हणून राह्यले तुले कॅन्सर आहे. वर्गातल्या पोरी, शेजारचे, आजी पण. फक्त तू अन् बाबा नाही म्हणता. लहान पोरांपासून लपवतात तसं. मी मोबाईलवर सगळं वाचलं. खरं सांग ना."

मी वळले. अंगात कळ गेली. पोरीचे डोळे सुजलेले होते, आणि आठवडाभर ती रोज माझे केस विंचरत होती तरी मी ते पाहिले नव्हते. ऑपरेशनच्या आधी मी तिला सगळं समजावलं होतं. पण ओसरीवरच्या सात-आठ बायकांच्या रडण्यापुढे माझं एकटीचं समजावणं किती टिकणार? आणि मी स्वतः तिच्यादेखत फोनवर "हो" म्हणाले होते.

आम्ही दोघींनी फाईल काढली आणि पहिल्या कागदापासून एकेक ओळ वाचली. मॅमोग्राफीच्या कागदावर गाठ नाही असं लिहिलेलं मी तिला बोटानं दाखवलं. न कळलेले शब्द तिनं मोबाईलवर शोधले. शेवटी तिनं विचारलं, "मग आजी खोटं काहून बोलली?"

"ते आजीले इचारू. पण आता कोणी इचारलं तं खरंच सांगायचं. तूबी अन् मीबी."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. साधाच होता. तो तिनं स्वतः फाईलला लावला.

त्याच सुमाराला डाव्या बाजूचा तळाचा टाका उघडला. वखराची पाती आणि दांडी मिळते तीच जागा. चिंचोक्याएवढं तोंड झालं आणि त्यातून पिवळसर पाणी यायला लागलं. फोटो काढून बाईंना पाठवला. त्यांनी फोन करून ताप आहे का, वास येतो का, आजूबाजूला लाल झालंय का, ते विचारलं. काहीच नव्हतं. "घाबरू नका, हे आतून भरत येईल. रोज धुवून पट्टी करा. आणि मंजन नको," म्हणाल्या. शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाईंनी नवऱ्याला पट्टी करायला शिकवलं. मातीत काम करणारे त्याचे हात. नखं कापून, साबणानं कोपरापर्यंत धुवून तो रोज सकाळी गॉज ओला करायचा. पहिल्या दिवशी गॉज दोनदा खाली पडला, तेव्हा मीच म्हणाले, "राहू द्या, मी करते." तो म्हणाला, "तुले खालून दिसत नाई. मीच करतो." पावणेचार आठवडे त्यानं केलं, एक दिवस न चुकवता.

सासूबाई दारात उभ्या राहून एकदा म्हणाल्या, "सांगतलं होतं मी."

पट्टी चालू होती. दुखत होतं, आणि आपण उगाच हे ओढवून घेतलं का, असं मनात येत नव्हतं असं नाही. दुपारी एकटी पडलं की यायचं. बोंडाला बोट लावलं तर काहीच कळत नव्हतं, रबराला लावल्यासारखं. तेही मनात यायचं. पण सकाळी उठून उभी राहिले की मान दुखत नसायची. बोटांच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात गेल्या होत्या. मी रोज सकाळी ते मोजून घ्यायचे: मान नाही, खांदा नाही, मुंग्या नाहीत, जखम आहे, ती भरेल.

ती भरली. संक्रांत आली तोवर खपली पडून गुलाबी कातडी आली होती. आमच्या घरी दरवर्षी हळदीकुंकू असतं. सासूबाई म्हणाल्या, यंदा नको. मी म्हणाले, यंदाही करायचं. लेकीनं तिळगूळ केला, वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या.

पंचवीसेक बायका आल्या. मी नवा ब्लाऊज घातला होता, शिंपीणबाईनं जुन्या मापावरून शिवायला घेतलेला आणि मी परत करून नव्या मापानं शिवून घेतलेला. सगळ्यांच्या नजरा तिथेच जात होत्या आणि तिथून उडत होत्या. मी एका काकूंना हळद लावत होते. त्यांनी माझा हात धरला.

"गाठ पुरी निंघाली ना वो बाई?"

खोलीत बोलणं थांबलं. सासूबाई वाट्या देत होत्या, त्यांचाही हात थांबला. लेक तिळगुळाचं ताट घेऊन दाराशी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"काकू, गाठ नव्हती," मी म्हणाले. "मले काहीच रोग नव्हता. माही छाती लय जड होती. मान दुखे, खांद्यात खड्डे पडले होते, उन्हाळ्यात खालची कातडी निंघे. म्हणून मी ती कमी करून घेतली. कॅन्सरचं जे आईकलं ते खरं नाई. तुमी एवढ्या मायेनं आल्या, फळं आणली, मले तेव्हाच सांगायले पायजे होतं. तेवढं चुकलं माह्याकडून."

काकूंनी हात सोडला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक जण म्हणाली, "म्हंजे हौसेचं ऑपरेशन?"

"दुखत होतं त्याचं ऑपरेशन," मी म्हणाले, आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं. तिच्या कपाळावर ते जरा तिरकं लागलं. ती मान हलवून बसून राहिली. बाकीच्या हळूहळू उठल्या. वाण सगळ्यांनी नेलं.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. गल्लीत मागून काय बोललं जायचं ते पुढूनही ऐकू यायचं. शाळेत मी मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन दार लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी उगाच रडले म्हणजे." त्यांचा राग रास्त होता. मी माफी मागितली. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, मग पहिल्यासारख्या बोलायला लागल्या.

सासूबाईंनी तर चार दिवस माझ्याशी बोलणंच सोडलं. मला काही सांगायचं असेल तर लेकीला सांगायच्या. "तुह्या मायले सांग, दूध उतू चाललं." मी शेगडीपाशीच उभी असायचे. पाचव्या दिवशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसून सोलायला घेतल्या. बऱ्याच शेंगा झाल्या.

"आई, तुमी गाठीचं काहून सांगतलं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "गाठ म्हटलं तं लोकं हात जोडतेत. दुसरं काई म्हटलं तं तोंडावर पदर घेऊन हासतेत. मले तुह्यावर कोणी हासलेलं चाललं नसतं."

मला हे सुचलं नव्हतं. सांगायला लाज वाटते म्हणून लपवलं, असंच मी धरून चालले होते. मी म्हणाले, "आता हासले ना. झालं ते."

"हासले," त्या म्हणाल्या. "तू बी मोठी ठसकेबाज." आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

मार्चमध्ये एका रविवारी त्यांच्या ढाणकीच्या भावाची सून आली. तिशीची, पाठीत वाकलेली, उन्हाळ्याची चाहूल असतानाही सुती साडीवर स्वेटर घातलेली. सासूबाईंनीच तिला बोलावून घेतलं होतं, मला न सांगता. तिला माझ्या खोलीत आणून बसवलं आणि म्हणाल्या, "हिले सांग काय काय होते ते. खरं सांगजो. चांगलं तेवढंच नको सांगू."

मी दाराला कडी लावली. ती बाई पदराचं टोक पिळत बसली होती. मी तिला सुरुवातीपासून सांगितलं. मापं, तपासण्या, तंबाखू लावत असेल तर आजपासून बंद, पेनाच्या रेघा, नळ्या, खोकताना उशी धरायची. उघडलेला टाका आणि पावणेचार आठवड्यांची पट्टी. डाव्या बोंडाला अजून काही कळत नाही, उजव्याला थोडं कळायला लागलं आहे, तेही सांगितलं. अजून लेकरं व्हायची असतील तर आधी डॉक्टरांशी ते बोल, म्हणाले. तिला एकच मुलगी होती. ती म्हणाली, दुसऱ्याचं अजून ठरलं नाही.

"मंग घाई करू नको. आधी ते ठरव."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं विचारलं, "पाहू काय जी?"

मी ब्लाऊजची बटणं काढली. ती जवळ आली आणि दोन्ही रेघा नीट बघितल्या, उभी आणि आडवी. उघडलेल्या टाक्याच्या जागी व्रण जाड आहे, तिथे तिची नजर थांबली. हात लावायचा होता, पण लावला नाही.

"पहिला आठवडा कसा गेला?"

"कठीण. पण उभी राह्यली का बरं वाटे."

ती सरळ बसायचा प्रयत्न करत होती, होत नव्हतं. मी बटणं लावली, टेबलावरची वही ओढली आणि यवतमाळहून नागपूरच्या बस सकाळी किती वाजता सुटतात ते तिला लिहून द्यायला लागले. बाहेरून सासूबाईंनी कडी वाजवली. चहा झाला होता.